नावात लूट, खिशात चिल्लर: लूटन टाउनच्या खरेदीची केस

१३ मार्च २०२४, बुधवारची रात्र. गॅसवर पिठलं, कट्ट्यावर मोबाईल, मोबाईलवर बोर्नमथविरुद्धच्या मॅचची कॉमेंट्री. हाफटाईमला आपण, म्हणजे इंग्लंडचा क्लब लूटन टाउन, तीन-शून्यनं पुढं. चाँग, ओग्बेने, बार्कली, तिघांचा एकेक. मी बायकोला म्हटलं, वाचलो बघ आता, यंदा प्रीमियर लीगमधून खाली जात नाही. ती म्हणाली, आधी पिठलं हलव, खाली लागतंय. हाफटाईमनंतर पाचच मिनिटांत सोलंकेनं एक घातला, मग झाबार्नीनं, मग सेमेन्योनं, आणि सात मिनिटं राहिली असताना परत सेमेन्योनं. ४-३. पिठलं लागलंच.

ही एक मॅच नीट बघितली तरी अख्खी केस कळते. ते तीन गोल ज्यांनी मारले ते तिघंही आदल्या उन्हाळ्यात घेतलेले, त्यातले दोघं तर फुकट, म्हणजे फ्री ट्रान्सफर. आणि जे चार खाल्ले ते ठिगळं लावलेल्या डिफेन्सनं खाल्ले. लूटनबद्दल कुणी बोलायला लागलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्रीमियर लीगमध्ये गेले पण पैसेच खर्च केले नाहीत, मग काय होणार". मला हे पटत नाही. माझं म्हणणं उलटं आहे, पैसा नव्हता तेव्हा या क्लबची खरेदी झकास होती, हातात पैसा आला आणि घोळ सुरू झाला. कसं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी माझी ओळख. मी कोल्हापूरचा, पेठेतला, लहानपण शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम) विरुद्ध खंडोबा बघण्यात गेलं. तिथं सीझन तोंडावर आला की चहाच्या गाड्यावर एकच विषय, कुठल्या तालमीनं कुणाला घेतलं, कुठला नायजेरियन कुणाकडं आला, गेल्या वर्षीचा आपला विंगर समोरच्या पेठेत का गेला. नोकरीनं लूटनला आणून टाकलं, तर घराजवळचं स्टेडियम म्हणजे केनिलवर्थ रोड. बरी पार्कात भाजी आणायला जायचो, सगळा देशी एरिया, कोथिंबिरीची जुडी पण मिळते आणि जलेबी पण, आणि शनिवारी दुपारी अचानक घरांच्या मागनं दहा हजार माणसांचा आवाज यायचा. पाहुण्या टीमच्या लोकांना ओक रोडवर दोन घरांच्या मधल्या बोळातनं आत सोडतात, वर जिना चढला की खाली लोकांची परसदारं, दोरीवर वाळत घातलेली लहान पोरांची कपडी. मी पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं, हे तर आपलंच हाय.

शेजारी एक सत्तरीचे आजोबा आहेत, व्हॉक्सहॉलच्या मोटारींच्या कारखान्यातनं रिटायर झालेले. माझं लूटनचं सगळं शिक्षण त्यांच्याकडं झालं. १९८८ चा लीग कप, आर्सेनलला ३-२ नं हरवलेला, ते अजून कालच झाल्यासारखा सांगतात. मग १९९२ ला टीम वरच्या डिव्हिजनमधून खाली गेली, प्रीमियर लीग सुरू व्हायच्या बरोब्बर आधी, म्हणजे नशीब बघा. आणि मग २००८-०९. मागच्या मालकांच्या काळातला एजंटांच्या पैशाचा गोंधळ आणि दिवाळखोरी, त्यासाठी मिळून ३० पॉईंट कापले. तीस! सीझन उणे तीसनं सुरू. त्यात लीगमधूनच बाहेर गेले आणि पाच वर्षं नॉन-लीगमध्ये, म्हणजे पाचव्या पायरीवर, काढली. आजोबा म्हणतात त्या पाच वर्षांत क्लबला एक सवय लागली, रुपया टाकताना दहादा विचार करायची. (ते पौंड म्हणतात अर्थात.)

या सवयीतून टीम कशी बनली ते बघा. एलायजा अॅडेबायो वॉल्सॉलहून, म्हणजे चौथ्या डिव्हिजनमधून. कार्लटन मॉरिस बार्न्सलीहून. जॉर्डन क्लार्क अॅक्रिंग्टनहून फुकट. टॉम लॉकयर चार्ल्टनहून फुकट. पेली-रडॉक मपांझू तर २०१३ ला नॉन-लीगमध्ये असताना आलेला, तो त्याच क्लबबरोबर पाचव्या पायरीवरून पार प्रीमियर लीगपर्यंत खेळला, असं करणारा पहिलाच माणूस. दुसऱ्यांनी सोडलेले, दोन पायऱ्या खाली खेळणारे, अंगात रग असलेले, असे बघून घ्यायचे. खेळाडू शोधायच्या खात्यावर मिक हारफर्ड, स्वतः जुना स्ट्रायकर, त्याला माणूस कळतो. २०२२-२३ ला ही टीम चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, तिसरी आली, ८० पॉईंट, आणि २७ मे २०२३ ला वेम्बलीवर प्ले-ऑफ फायनलमध्ये कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर ६-५ नं हरवून वर, प्रीमियर लीगमध्ये. त्याच मॅचमध्ये लॉकयर सुरुवातीलाच कोसळला होता, बाकीच्यांनी त्याच्याशिवाय दोन तास काढले.

२०२३ चा उन्हाळा

आता वर गेलं की शंभर मिलियन पौंडांच्या वर पैसा येतो, शेवटचा नंबर आला तरी. लोकांना वाटलं आता पोतं उघडणार. क्लबनं पहिलं काय केलं, तर स्टेडियमची एक बाजू, बॉबर्स स्टँड, पाडून नवी बांधली, त्यात साधारण दहा मिलियन गेले, कारण प्रीमियर लीगचे टीव्ही कॅमेरे, प्रेस, लाईट हे सगळं त्या जुन्या स्टेडियमात मावतच नव्हतं. ते काम वेळेत संपलं नाही म्हणून बर्नलीविरुद्धची पहिली घरची मॅच पुढं ढकलावी लागली. उरलेला पैसा नवीन स्टेडियमकडं, पॉवर कोर्टला, २५ हजारांचं. खेळाडूंवर पेपरात आलेले आकडे जोडले तर वीस मिलियनच्या आसपास, बाकी क्लब स्वतः आकडा कधी सांगत नाही.

त्या वीसमध्ये काय काय आलं ते एकेक घेतो, कारण इथंच लोक घाई करतात.

गोलकीपर थॉमस कमिन्स्की, ब्लॅकबर्नहून, दोन-अडीच मिलियन. आदल्या वर्षीचा कीपर लोनवर, म्हणजे उसना घेतलेला होता, तो परत गेला, म्हणजे जागा रिकामीच होती. ८५ गोल खाणाऱ्या टीमच्या कीपरला चांगला म्हणणं विचित्र वाटेल, पण ज्यांनी मॅच बघितल्या त्यांना माहितीय, तो नसता तर ते शंभरच्या वर गेले असते. पैसा वसूल.

तहिथ चाँग, बर्मिंगहॅमहून, चारेक मिलियन. लिव्हरपूलविरुद्ध घरच्या मैदानावर ८० व्या मिनिटाला त्यानं गोल मारला तेव्हा मी घरात होतो, आणि स्टेडियमचा आवाज खिडकीतनं आधी आला आणि टीव्हीवर गोल नंतर दिसला, टीव्ही थोडा मागं असतो ना. लुईस डियाझनं ९५ व्या मिनिटाला बरोबरी केली, तेव्हा खिडकीतनं काहीच आलं नाही, त्यावरनंच कळलं.

चिडोझी ओग्बेने, रॉदरहॅमहून फुकट. वर्षभरानं इप्सविचला विकला, पेपरातला आकडा आठ मिलियन. रॉस बार्कली, फ्रान्समधून नीसहून फुकट, सगळ्यांनी संपला म्हणून सोडलेला. आल्यावर मी पण नाक मुरडलं होतं, मोठं नाव, पगार घेणार आणि जिममध्ये पडून राहणार. खोटं पडलो. मधल्या फळीत बॉल पायाला चिकटवून तो चार माणसं मागं टाकत वर यायचा, ते बघायला वेगळे पैसे द्यावेत. त्यालाही पुढं अॅस्टन व्हिलानं नेलं. अल्बर्ट साम्बी लोकोंगा आर्सेनलहून लोनवर, आल्या आल्या हॅमस्ट्रिंग गेलं, पण डिसेंबरपासून बार्कलीच्या बाजूला उभा राहिला आणि टीम बदलली.

चुकलं ते रायन जाइल्स. वुल्व्ह्सहून पाचेक मिलियन, त्या उन्हाळ्यातली सगळ्यात महागातली खरेदी. पोरगा वाईट नाही हं, आदल्या सीझनला मिडल्सब्रोसाठी लोनवर ११ असिस्ट, डाव्या पायाचा क्रॉस म्हणजे लोणी. पण डाव्या विंगबॅकला आपल्याकडं आधीच अल्फी डाउटी होता, २०२२ ला स्टोकहून आणलेला, आणि तो जाइल्सपेक्षा सरस निघाला. जानेवारीत जाइल्स हल सिटीकडं लोनवर गेला. म्हणजे मोजक्या पैशातला मोठा वाटा जिथं भोक नव्हतं तिथं ठिगळ लावण्यात गेला, आणि जिथं भोक होतं, सेंटरबॅक म्हणजे डिफेन्सच्या मधोमध, तिथं बार्न्सलीहून आणलेला मॅड्स अँडरसन पोटरीच्या दुखण्यानं बाहेर आणि मँचेस्टर युनायटेडहून शेवटच्या घटकेला घेतलेला टेडेन मेंगी, जो कोवळा होता.

त्यात १६ डिसेंबरला बोर्नमथच्या मैदानावर लॉकयरचं हृदय बंद पडलं. मॅच १-१ वर थांबवली. तो वाचला हीच मोठी गोष्ट, फुटबॉल गेलं खड्ड्यात, पण टीमचा कॅप्टन आणि डिफेन्सचा खांब त्या दिवशी गेला हेही खरंच. वरची पिठल्याची मॅच म्हणजे हीच अर्धवट राहिलेली मॅच, परत खेळवलेली.

तरी हिशोब बघा. सीझनअखेर ३८ मॅचमध्ये ६ जिंकल्या, ८ ड्रॉ, २४ हरलो, २६ पॉईंट, अठरावा नंबर. मारलेले गोल ५२! एव्हर्टननं ४० मारले आणि पंधरावे आले. वाचलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४९. मॉरिसचे ११, अॅडेबायोचे १०, म्हणजे बार्न्सली आणि वॉल्सॉलहून आणलेल्या दोघांनी प्रीमियर लीगमध्ये २१ घातले. ब्रायटनला ४-० मारलं त्यात अॅडेबायोची हॅटट्रिक, न्यूकॅसलला त्यांच्या घरी ४-४. आणि खाल्लेले ८५, क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच, वर्षभरात फक्त दोन. आर्सेनलविरुद्ध ३-३ चालू असताना ९७ व्या मिनिटाला डेक्लन राईसनं हेडर मारला, ते तर आजोबांनी अजून माफ केलेलं नाही, राईसला नाही आणि मार्किंगला पण नाही.

आजोबांचा आक्षेप जानेवारी २०२४ बद्दल आहे आणि तो मला मान्य आहे. तेव्हा आपण वाचण्याच्या अंतरावर होतो, एव्हर्टनचे पॉईंट कापलेले होते, आणि डिफेन्सला लगेच उभा राहील असा एक अनुभवी सेंटरबॅक पाहिजे होता. आला दाइकी हाशिओका, बेल्जियमहून, मेहनती पण मुळात राईटबॅक. तिथं पाच-सहा मिलियन जास्त टाकायला पाहिजे होते. एक खांब. तेवढ्यानं सहा पॉईंट जास्त मिळाले असते का? मला वाटतं जवळ गेलो असतो, फॉरेस्ट ३२ वर वाचले. पण हा एका जागेचा प्रश्न झाला. पद्धत चुकली नव्हती.

पैसा आला तेव्हा

खरा घोळ २०२४ च्या उन्हाळ्यात. खाली आलेल्या टीमला पॅराशूट पेमेंट मिळतं, म्हणजे हाताशी पैसा, आणि चॅम्पियनशिपमधल्या निम्म्या क्लबांपेक्षा तगडा स्क्वॉड. सट्टेवाल्यांपासून पोडकास्टवाल्यांपर्यंत बऱ्याच जणांनी आपल्याला वर जाणाऱ्यांत धरलं होतं. बार्कली गेला, ओग्बेने गेला, लोकोंगा परत गेला, उजव्या बाजूचा इसा काबोरे परत मँचेस्टर सिटीला, गेब्रिएल ओशो फुकटात फ्रान्सला. म्हणजे ज्यांच्या पायात वेग होता ते सगळे गेले. आणि राहिले कोण, तर दोन-तीन वर्षं जीव तोडून पळालेले, सारखे दुखापतीत असलेले, ज्यांनी आपलं शिखर वेम्बलीवर आणि त्याच्या पुढच्या वर्षी गाठून झालेलं.

इथं जुनं लूटन काय करायचं? २०१९ ला लीग वनमधून, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनमधून, वर गेल्यावर जेम्स जस्टिन आणि जॅक स्टेसीला विकून टाकलं होतं, दोघंही चाहत्यांचे लाडके, सगळे बोंबलले, क्लब हलला नाही. भाव चांगला आहे तोवर विकायचं आणि खालून पुढचा आणायचा. २०२४ ला मॉरिस, अॅडेबायो, दोघांचे प्रीमियर लीगचे गोल ताजे होते, एकाला तरी विकून चार नवे, तरणे, भुकेले आणता आले असते. ठेवले. का, तर लगेच परत वर जायचं होतं. माझ्या मते निर्णय इथं फसला, आणि तो फसला यात आम्ही चाहते पण सामील, कारण विकले असते तर सगळ्यात आधी मीच शिव्या घातल्या असत्या, खोटं कशाला बोलू.

मग आले कोण? कार्डिफहून सेंटरबॅक मार्क मॅकगिनेस, पेपरवाल्यांच्या मते दहाएक मिलियन, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात महाग खरेदी. आठ महिने उशिरा आलेला खांब! शिवाय सीझन सुरू झाल्यावर, तोवर पहिल्याच मॅचला बर्नलीनं घरात ४-१ नं धुतलं होतं. शँडन बॅप्टिस्ट ब्रेंटफर्डहून फुकट, लियम वॉल्श स्वान्सीहून फुकट, रुएल वॉल्टर्स आर्सेनलहून, टॉम क्राउस जर्मनीहून लोनवर, आणि सप्टेंबरात व्हिक्टर मोजेस. चेल्सीबरोबर लीग जिंकलेला मोजेस लूटनमध्ये! पण मोजेस तेव्हा ३३ चा. बार्कलीचा लॉटरी नंबर लागला म्हणून दरवर्षी तिकीट काढायचं नसतं.

वाईट खेळाडू नव्हते, एकेकटा बघितला तर प्रत्येकाचं काहीतरी कारण सांगता येतं. एकत्र बघितलं की कळतं यात पळणारा कुणी नाही. डाउटी बराच काळ बाहेर, मेंगी बाहेर, आणि बाहेरच्या मैदानावर तर आपण जिंकायचं कसं ते विसरूनच गेलो. जानेवारी २०२५ ला कोच रॉब एडवर्ड्स गेला. ज्या माणसानं वर नेलं त्याला असं जाताना बघून वाईट वाटलं, पण वेळ झाली होती. त्याच्या जागी विकम्बहून मॅट ब्लूमफिल्ड.

आणि मग एका महिन्यात अख्खं दुकान उचललं. आयझाया जोन्स मिडल्सब्रोहून, थेलो आसगार्ड विगनहून, मिलेनिक अली एक्सेटरहून, लामिन फाने स्वीडनहून, क्रिस्ट माकोसो बेल्जियमहून, लोनवर जॉश बोलर. गंमत बघा, यातले निम्मे जुन्या पद्धतीचे, खालच्या डिव्हिजनमधले, भुकेले. अली आणि आसगार्ड मला तेव्हाही आवडले होते. पण हेच लोक उन्हाळ्यात यायला पाहिजे होते, जेव्हा सहा आठवडे सराव मिळतो. पाण्यात बुडताना पोहायचा क्लास लावला. नवा कोच, नवी सिस्टिम, सहा नवे चेहरे, आणि दर शनिवारी परीक्षा.

तरी टीम शेवटी उठली. लागोपाठ जिंकत शेवटच्या दिवशी ३ मे २०२५ ला आपण बुडीत तीन जागांच्या वर होतो. वेस्ट ब्रॉमविरुद्ध एक ड्रॉ पुरला असता. आजोबांच्या घरी बघत होतो, ते सोफ्यावर बसतच नाहीत, दारात उभे राहून बघतात, हरायला लागलं की लगेच बाहेर बागेत जाता येतं म्हणून. त्या दिवशी ते पाच वेळा बागेत गेले. ५-३. हल सिटी आपल्याइतकेच ४९ पॉईंट घेऊन वाचले, गोल डिफरन्सवर. त्याच वसंतात, मार्चअखेर, व्हॉक्सहॉलचा लूटनचा कारखाना कायमचा बंद झाला होता, आजोबांनी तिथं आयुष्य काढलेलं, त्यावर ते काही बोलले नाहीत, पण रेलिगेशनवर मात्र अर्धा तास बोलले.

आता पुढं काय

दोन वर्षांत प्रीमियर लीगमधून लीग वन. मपांझूला बारा वर्षांनी निरोप दिला. मॉरिस डर्बीला, कमिन्स्की चार्ल्टनला, आसगार्ड सहा महिन्यांतच रेंजर्सला. २०२४ ला मॉरिसचा जो भाव आला असता तो वर्षभरानं कुठला यायला.

२०२५ च्या खरेदीत अनुभव भरपूर. मिलवॉलहून जॉर्ज सॅव्हिल, ब्रिस्टल सिटीहून नाकी वेल्स, दोघंही तिशी ओलांडलेले, लीग वनमधून बाहेर काढायला असे एकदोन लागतात हे मान्य, वेल्स अजून बॉक्समध्ये कुठं उभं राहायचं ते विसरलेला नाही. पण माझा डोळा गिडियन कोडुआवर आहे. वेस्ट हॅमचा पोरगा, २०२३ ला त्यांच्या युथ टीमचा कॅप्टन म्हणून आर्सेनलला त्यांच्याच घरात ५-१ नं हरवून युथ कप उचलला, त्या फायनलमध्ये लांबून कीपरच्या डोक्यावरनं मारलेला त्याचा गोल शोधून बघाच. मोठ्या क्लबात जागा मिळाली नाही, पायात वेग, सिद्ध करायला काहीतरी शिल्लक. हा मला अॅडेबायोच्या रांगेतला वाटतो.

ऑक्टोबर २०२५ ला ब्लूमफिल्ड पण गेला आणि जॅक विल्शर आला, जो लहानपणी आर्सेनलच्या आधी थोडे दिवस लूटनच्या अकॅडमीत होता. मोठ्या टीमचा कोच म्हणून त्याचा तेव्हाचा अनुभव थोडका, नॉर्विचला सीझन संपताना दोन मॅच सांभाळल्या तेवढंच. बॉल जमिनीवर ठेवून खेळवेल हे नक्की, आणि आपल्या सेंटरबॅकना ते झेपेल का याची मला भीती आहे. वर जायचा चान्स विचाराल तर २०२५-२६ ला प्ले-ऑफच्या आसपास, त्याहून जास्त मी धरला नव्हता.

पॉवर कोर्टवर मात्र काम चालू झालंय. २०२३ ला खेळाडूंवर न उधळलेला पैसा तिथं दिसायला लागलाय. परवा आजोबांना गाडीतनं तिकडं घेऊन गेलो, कुंपणाच्या फटीतनं बराच वेळ बघत होते. म्हटलं कसं वाटतंय, तर म्हणाले मोठं आहे, पण इथं कुणाच्या दोरीवरचे कपडे दिसणार नाहीत. मग गाडीत बसताना विचारलं, तो कोडुआ डाव्या पायाचा आहे की उजव्या?